बरणीवर ‘महाबळेश्वर’ लिहिले आहे, पण मध कुठला?

महाराष्ट्रात कुणी जाऊन आले, की आपल्या इंदूरच्या घरांत महाबळेश्वरच्या मधाची बाटली हमखास येते. मग कुणी पाण्यात थेंब टाकून बघतो, कुणी काडी पेटवून. या घरगुती परीक्षांनी मध शुद्ध आहे की नाही हेही खात्रीने कळत नाही. तो कुठला, हे तर दूरच.

उसाची किंवा मक्याची साखर मिसळली असेल, तर प्रयोगशाळा ते कार्बनवरून ओळखते. या पिकांमध्ये जड कार्बनचे प्रमाण बहुतेक फुलझाडांपेक्षा जास्त असते. तांदळाचा पाक मात्र या चाचणीतून निसटतो. त्यासाठी एनएमआर ही वेगळी तपासणी लागते.

मूळ गाव शोधायचे, तर पहिला साक्षीदार म्हणजे परागकण. महाबळेश्वरच्या मधात जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या खुणा असाव्यात. कारवी काही वर्षांतून एकदाच फुलते, तेव्हा तिचाही मध मिळतो. त्याऐवजी मोहरीचे परागकण भरभरून दिसले, तर शंका घ्यावी. पण फार बारीक गाळलेल्या मधात परागकण उरतच नाहीत. तेव्हा रसायनशास्त्राकडे वळावे लागते.

ढग समुद्राकडून आत सरकतात तसे जड पाणी आधी बरसते. म्हणून समुद्रापासूनचे अंतर आणि उंची यांप्रमाणे पावसातील हायड्रोजन व ऑक्सिजनच्या जड-हलक्या अणूंचे प्रमाण बदलते. तेच पाणी झाडातून मकरंदात उतरते. जमिनीतील स्ट्रॉन्शियम खडकाचा प्रकार सांगते. पण गंमत अशी, की महाबळेश्वर आणि आपला माळवा दोन्ही दख्खनच्या काळ्या बेसॉल्टवर वसलेले. निव्वळ खडकावरून या दोघांतला फरक सांगणे अवघड. म्हणून पाऊस, खडक आणि फुले यांच्या खुणा एकत्र वाचाव्या लागतात.

आणि खुणा वाचायला ताडून पाहण्याजोगे अस्सल नमुने हवेत. न्यूझीलंडने २०१७ मध्ये मानुका मधाची ओळख चार रसायने आणि मानुकाच्या परागकणांतील डीएनए यांवर ठरवली, ती आधी असंख्य नमुने गोळा करून. ठाऊक असलेल्या पेट्यांतून, ठाऊक असलेल्या हंगामात काढलेला मध आधी तपासून ठेवलेला नसेल, तर महागडे यंत्रही गावाचे नाव सांगू शकत नाही. फार तर ‘हा तिथला वाटत नाही’ एवढेच सांगेल.

म्हणून आम्ही सभासदांना एवढेच सुचवतो: लेबलवरच्या डोंगराच्या चित्रावर जाऊ नका. मधपाळ किंवा सहकारी संस्था कोणती, मध कोणत्या महिन्यात काढला, माशी सातेरी की आग्या, हे विचारा. ज्याने स्वतः मध काढला, त्याला ही उत्तरे पाठ असतात. आणि थंडीत मध थिजला, तर तो बनावट समजून टाकू नका. अस्सल मधही थिजतो. बरणी कोमट पाण्यात ठेवली, की तो पुन्हा पातळ होतो.