स्क्रिप्ट ते शेअर्ड लायब्ररी : मॅटलॅब कंपाइलरची तीस वर्षं

गणित मॅटलॅब या आकडेमोडीच्या भाषेत जुळवायचं आणि ते वापरणारं सॉफ्टवेअर मात्र सी किंवा सी++मध्ये असायचं, ही अभियांत्रिकीतली जुनीच विभागणी आहे. म्हणून मॅटलॅबचं फंक्शन शेअर्ड लायब्ररीच्या रूपात, म्हणजे विंडोजवर डीएलएल आणि लिनक्सवर एसओ करून, सीच्या हाती कसं द्यायचं हा प्रश्न 1990च्या दशकापासून चालत आला आहे. त्याला दोन उत्तरं मिळाली. आधी स्क्रिप्टचं सीमध्ये भाषांतर करून पाहिलं गेलं. पुढे 2004मध्ये मॅटलॅब बनवणाऱ्या मॅथवर्क्स कंपनीने तो मार्ग सोडला आणि स्क्रिप्ट तशीच, सांकेतिक रूपात बांधून, तिला चालवणाऱ्या रनटाइमसह द्यायला सुरुवात केली. अनेक सी प्रोग्रॅमरना ही माघार वाटली. ‘याला कंपाइल करणं म्हणायचं का?’ ही त्यांची तक्रार आजही ऐकू येते. मला मात्र 2004चा निर्णय योग्य वाटतो, कारण मॅटलॅबच्या ओळीचा पूर्ण अर्थ त्या ओळीत लिहिलेलाच नसतो.

क्लीव्ह मोलर यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस न्यू मेक्सिको विद्यापीठात पहिलं मॅटलॅब लिहिलं ते विद्यार्थ्यांना फोरट्रान न शिकता लिनपॅक आणि आइसपॅक या मॅट्रिक्स-गणिताच्या लायब्ररी वापरता याव्यात म्हणून. त्यात मॅट्रिक्स हा एकच प्रकार होता, आणि व्हेरिएबलचा प्रकार किंवा आकार आधी जाहीर करावा लागत नव्हता. ही मोकळीकच त्या भाषेच्या यशाचं कारण ठरली, आणि कंपाइलरची अडचणही तिथूनच सुरू झाली. वर्गमुळाचं साधं उदाहरण घ्या. आत आलेला आकडा धन असेल तर उत्तर वास्तव, ऋण असेल तर संमिश्र. म्हणजे उत्तराचा प्रकार किमतीवर ठरतो आणि किंमत प्रोग्रॅम चालेपर्यंत कळत नाही. गुणाकाराच्या चिन्हाचं तेच. दोन्ही बाजूंना साधे आकडे असतील तर प्रोसेसरची एक सूचना पुरते, मॅट्रिक्स असतील तर ब्लास या मॅट्रिक्स-गणिताच्या लायब्ररीतला मोठा रूटीन लागतो. ‘आयग’ फंक्शनची गोष्ट तर आणखी पुढची आहे. त्याच्याकडे एकच उत्तर मागितलं तर आयगेनमूल्यांचा स्तंभ मिळतो, पण दोन मागितली तर पहिल्या जागी आयगेनसदिश येतात. थोडक्यात, किती उत्तरं मागितली यावर फंक्शनचं वागणं ठरतं. सीमध्ये अशी सोयच नाही. म्हणून कंपाइलरने तयार केलेल्या सी फंक्शनचा पहिला आर्ग्युमेंट आजही ‘किती उत्तरं हवीत’ हा आकडा असतो. दोन भाषांमधली दरी त्या एका आर्ग्युमेंटमध्ये स्पष्ट दिसते.

हे सगळं भाषांतरात कसं उतरवायचं? सुरुवातीच्या कंपाइलरने केलेलं सी पाहिलं तर उत्तर सापडतं. प्रकार निश्चित करता आला नाही, तर व्हेरिएबल मॅटलॅबचाच सर्वसमावेशक अ‍ॅरे राहायचा आणि बेरीज, गुणाकार अशा प्रत्येक क्रियेसाठी मॅथ लायब्ररीतलं फंक्शन बोलावलं जायचं. मजकूर सीचा दिसायचा, अर्थ मात्र लायब्ररीतच राहायचा. त्यात भाषेचे काही भाग, उदाहरणार्थ ऑब्जेक्ट, चालत नसत. इलिनॉय विद्यापीठात डिरोझ आणि पडुआ यांनी फाल्कन प्रकल्पात मॅटलॅबमधून फोरट्रान 90 तयार करण्याचं सुंदर काम केलं. प्रकार ओळखण्याचं त्यांचं तंत्र त्या काळात फार पुढचं होतं. पण जिथे प्रकार आधी ओळखता येत नव्हता, तिथे त्यांनाही प्रोग्रॅम चालताना तपासणी करणारा कोड घालावा लागला.

2004च्या निर्णयावरचे आक्षेप तीन आहेत. पहिला वेगाचा : बांधलेली स्क्रिप्ट मॅटलॅबपेक्षा जलद चालत नाही. हे खरं आहे. मात्र 2002मध्ये मॅटलॅब 6.5ला जिट, म्हणजे चालता चालता कंपाइल करण्याची सोय, मिळाली होती, आणि जड काम तोवर लॅपॅक आणि ब्लास या लायब्ररींकडे गेलेलंच होतं. वेगासाठी भाषांतर करण्याचं निकडीचं कारण त्यामुळे उरलं नव्हतं. दुसरा आक्षेप वजनाचा आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. रनटाइम मोफत असला तरी अवाढव्य आहे, लायब्ररी ज्या आवृत्तीत बांधली तीच आवृत्ती ग्राहकाच्या यंत्रावर लागते, सुरू व्हायला वेळ जातो, आणि एकदा पूर्ण बंद केल्यावर त्याच प्रोसेसमध्ये पुन्हा सुरू करता येत नाही. छोट्या मायक्रोकंट्रोलरसाठी हा मार्ग नाहीच. तिसरा आक्षेप एका कंपनीच्या बंधनाचा. पण जुनं भाषांतरित सीसुद्धा त्याच कंपनीच्या मॅथ लायब्ररीशिवाय चालत नव्हतं. 2004ने नवं बंधन घातलं नाही, असलेलं उघड केलं. मॅटलॅबसारखीच भाषा चालवणाऱ्या, मुक्त असलेल्या ऑक्टेव्हनेही सी++ प्रोग्रॅममध्ये वापरण्यासाठी अख्खा इंटरप्रिटरच लायब्ररी म्हणून दिला आहे. कंपनीचं हित नसतानाही उत्तर तेच निघालं, याला मी महत्त्व देतो.

खरं भाषांतर परत आलं ते 2011मध्ये, मॅटलॅब कोडरच्या रूपाने, आणि अट बदलून. कोडरला आर्ग्युमेंटचे प्रकार आणि आकार आधी सांगावे लागतात. वर्गमुळाचं उत्तर संमिश्र येऊ शकत असेल तर आत जाणारा आकडाच लेखकाने आधी संमिश्र करून द्यायचा. भाषेचा ठरावीक भागच वापरता येतो. त्या मोबदल्यात वाचता येईल असं, रनटाइमविना चालणारं सी मिळतं. म्हणजे पूर्वी जे कंपाइलरने ओळखावं अशी अपेक्षा होती ते आता स्क्रिप्ट लिहिणारा स्वतः लिहून देतो. तरी सीमेवरची एक जबाबदारी सी प्रोग्रॅमरकडे राहतेच : मॅटलॅब फोरट्रानसारखं स्तंभाप्रमाणे साठवतं, सी ओळीप्रमाणे. चौरस मॅट्रिक्स तशीच पुढे दिली तर कुठलीही चूक न दाखवता तिचा ट्रान्सपोज आत जातो, आणि सममित मॅट्रिक्सवर चाचणी घेतली असेल तर ते कळतही नाही.

ज्युलिया या दुसऱ्या गणिती भाषेने हा सगळा युक्तिवाद खोटा ठरवला, असं काही जण म्हणतात. ज्युलियाची रचनाच प्रकार ओळखता यावेत अशी आहे, आणि तिथे ऋण वास्तव आकड्याचं वर्गमूळ मागितलं तर संमिश्र उत्तर न येता चूक दाखवली जाते. इतकी तयारी असूनही पॅकेजकंपायलर या तिच्या साधनाने केलेल्या लायब्ररीसोबत ज्युलियाचा रनटाइम जातोच. 2025च्या 1.12 आवृत्तीत अनावश्यक भाग छाटून लहान फाइल करण्याची प्रायोगिक सोय आली. ती वापरताना कुठलं फंक्शन बोलावलं जाणार हे आधी ठरवता येत नाही अशी ओळ सापडली, तर बांधणीच्या वेळीच तक्रार येते, आणि ती ओळ लेखकाला स्वतः बदलावी लागते.