नावातच तालीम

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम दिवाळीच्या आसपास जागा होतो. खेळाडूंची नोंदणी, कोण कुठली तालीम सोडून कुठं गेला याच्या कट्ट्यावरच्या बातम्या, आणि मग कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनची, म्हणजे आपल्या केएसएची शाहू छत्रपती लीग. तिच्या पाठोपाठ सतेज, अटल, चंद्रकांत असे चषक रांगेनं येतात. लीग आधी आणि चषक नंतर, एवढ्या क्रमावरून पेठापेठांत काही समज पक्के झाले आहेत. त्यातले काही संघांच्या अंगाशी येतात.

गैरसमज : लीग म्हणजे सराव. खरं फुटबॉल बघायचं तर नॉकआउटला या.

शाहू स्टेडियमच्या गॅलरीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की बोलणाऱ्याचा चेहरा न बघताही त्याचं वय सांगू शकेन. त्याचं सगळंच चुकतं असं नाही. नॉकआउटला बक्षिसाची रक्कम असते, फायनलला हलगी असते, हरलं की वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. लीगमध्ये मात्र गुलाल उधळायला शेवटच्या सामन्यापर्यंत दम धरावा लागतो, आणि दम धरणं हा आपला स्वभाव नव्हे.

वस्तुस्थिती : जरा हिशेब मांडू. सोळा संघांची बाद फेरीची स्पर्धा पंधरा सामन्यांत संपते. त्यातले आठ संघ एकेक सामना खेळून घरी जातात. तेच सोळा संघ साखळीत खेळले, तर दोन गट पाडले तरी प्रत्येकाला किमान सात सामने मिळतात. सरळ साखळी असेल तर पंधरा. चार चषकांत पहिल्याच फेरीत गारद होणाऱ्या संघातल्या पोराला त्या चारही स्पर्धा मिळून फक्त चार सामने मिळतात. त्यातही तो अठरा वर्षांचा असेल तर बाकावर बसून. नॉकआउटच्या दुसऱ्या हाफमध्ये बरोबरी असताना नवख्या पोराला मैदानात सोडण्याची छाती कोणत्या प्रशिक्षकाला होते? ती मुभा लीगच देते.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं हे एकदा मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. स्पर्धा संपल्यावर या पोरांचं करायचं काय, असा प्रश्न आला, तेव्हा ‘इंडियन ॲरोज’ नावाचा संघ 2017-18 च्या आय-लीगमध्ये उतरवला आणि त्याला घसरणीतून सूट दिली. दहा संघांची ती लीग, म्हणजे प्रत्येकाला अठरा सामने. ॲरोज तळाला राहिले. पण पोरांना मोठ्यांच्या अंगावर जाऊन अठरा सामने खेळायला मिळाले, आणि संघ उतरवला होता तोच त्यासाठी.

आपल्या तालमींना अर्थातच अशी सूट नाही. तळाला राहिलेला संघ खालच्या गटात जातो, आणि मग पुढच्या वर्षी पेठेतल्या पोरांना वरिष्ठ गट गॅलरीतून बघावा लागतो. चषक हुकला तर दुसरा चषक महिन्याभरात येतो. हुकलेला वरिष्ठ गट एवढ्या लवकर परत येत नाही.

शेजारच्या गोव्याकडे बघा. इंडियन सुपर लीगमध्ये कित्येक वर्षं साखळीत पहिला येणाऱ्याला वेगळी ढालच नव्हती. सगळा मान प्ले-ऑफ जिंकणाऱ्याचा. 2019-20 पासून साखळी विजेत्याला ढाल मिळू लागली, आणि पहिली ढाल एफसी गोवाची. त्या वर्षी उपांत्य फेरीत चेन्नईयिननं त्यांना बाहेर काढलं, करंडक एटीकेनं नेला. पण 2021 मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब कोण? एफसी गोवा. फायनल न खेळता.

गैरसमज : लीग गंभीरपणे घ्यायची म्हणजे पहिल्या सामन्यापासून तगडेच अकरा खेळवायचे.

ही वरच्याच समजाची दुसरी बाजू, आणि माझ्या मते जास्त महागात पडणारी. तेच अकरा जण नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत ओढायचे, त्यातल्या दोघांची मांडी दुखत असताना पट्टी बांधून उतरवायचं, आणि ऐन चषकात स्ट्रायकर बाकावर बर्फ लावून बसलेला! लीगचा पहिला टप्पा खेळाडूंची दमछाक मोजायला, जोड्या जुळवायला, दुसरा गोलकीपर तयार करायला आहे. पेठेतली ज्येष्ठ मंडळी मात्र पहिल्या पराभवालाच प्रशिक्षक बदलायला निघतात.

गैरसमज : लीग जिंकणारा संघ पुढं दमतोच.

या वादात आपण एकटे नाही. आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल नावाचा खेळ आहे : पंधरा जणांचा संघ, चेंडू हातानंही खेळायचा आणि पायानंही, खेळाडूला पगार नाही, आणि क्लब गावातल्या चर्चच्या हद्दीचा. आपल्या पेठेसारखाच प्रकार. तिथं काउंटींचे संघ हिवाळ्यात लीग आणि उन्हाळ्यात ऑल-आयर्लंड अजिंक्यपद खेळतात, आणि ‘लीगला किती जोर लावायचा’ यावर दरवर्षी भांडण होतं. मेयोनं 2023 ची लीग जिंकली आणि अजिंक्यपदाच्या उपांत्यपूर्व फेरीतच ते बाहेर पडले. 2024 ला लीग डेरीनं मारली, अजिंक्यपद आर्माला गेलं; आर्मा तर त्या वर्षी लीगच्या दुसऱ्या विभागात खेळत होता. झालं, दमण्याचा सिद्धांत पक्का! मग 2025 ला केरीनं लीग आणि अजिंक्यपद दोन्ही उचललं. या यादीतून एवढंच निघतं की लीगचा चषक पुढचं काही ठरवत नाही. पण लीगमधलं स्थान ठरवतं : प्रांतिक फायनल न गाठणाऱ्या काउंटीला मोठ्या स्पर्धेत घ्यायचं की दुय्यम टेल्टीन चषकात पाठवायचं, हे तिथं त्यावरूनही ठरतं.

गैरसमज : पावसाळ्यात कसला सराव? लीगच्या तोंडावर पंधरा दिवस पुरेत.

पावसात गांधी मैदानाचं तळं होतं हे खरं. पण लीगचा पहिला सामना खेळायला लागणारा दम पंधरा दिवसांत येत नाही. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे. नीट आणि नेमानं केला तर दुखापती साधारण एक तृतीयांशानं घटतात, असं अभ्यासात दिसलं आहे. त्याला ना मोठं मैदान लागतं ना परदेशी प्रशिक्षक. तालमीच्या हॉलमध्ये निम्मा होतो.

आणि हे मुळात तालमीला सांगावं लागावं? खासबागेत कुस्ती धरायची तर आधी कित्येक महिने जोर-बैठका मारायच्या, हे याच पेठांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळलं. ‘तालीम’ या शब्दाचा अर्थच सराव. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही नावं छातीवर लावून पोरं मैदानात उतरतात आणि गॅलरीतून कुणीतरी ओरडतं, ‘‘सोड की रं, सरावाचीच मॅच हाय!’’