मिसळल्यावर काय उरते?

इंग्रजीत मिसळण्यासाठी इतके शब्द आहेत, की वाचताना आपण त्या सगळ्यांचा अर्थ ढोबळमानाने ‘मिश्रण’ असाच लावतो. पण त्यांतला प्रत्येक शब्द काहीतरी नेमके सांगत असतो. ते नेमकेपण हाती यायला दोन प्रश्न पुरतात. मिसळल्यानंतर मूळच्या वस्तू ओळखू येतात का? आणि त्या पुन्हा वेगळ्या काढता येतात का?

‘मिक्स’ हा सर्वांत मोकळा शब्द. लॅटिनमधून आलेला हा शब्द आणि आपला ‘मिश्र’ एकाच प्राचीन मुळाचे. दोन गोष्टी एकत्र आल्या, एवढेच तो सांगतो. पुढे त्यांचे काय झाले याबद्दल काही बोलत नाही. म्हणूनच तो कुठेही चालतो.

‘ब्लेंड’मध्ये हेतू आणि प्रमाण आले. चहाचेच पाहा. हंगामानुसार पानाची चव बदलते, गिऱ्हाइकाला मात्र दरवेळी तोच चहा हवा असतो. म्हणून चव पारखणारे जाणकार वेगवेगळ्या मळ्यांची पाने प्रमाण बदलून एकत्र करतात. कपातल्या चहात कुठल्या मळ्याचे काय आहे हे पिणाऱ्याला कळत नाही, आणि कळू नये हाच हेतू असतो.

द्रवांकडे वळलो की फरक आणखी बारीक होतात. मीठ पाण्यात विरघळले की ‘सोल्युशन’. मीठ दिसेनासे होते, पण नष्ट होत नाही. पाणी आटले की ते परत मिळते, आणि मिठागरे चालतात ती याच तत्त्वावर. कण न विरघळता नुसते तरंगत राहिले तर ‘सस्पेन्शन’. हे कण काही वेळाने तळाशी बसतात, म्हणूनच औषधाच्या काही बाटल्यांवर ‘हलवून घ्या’ असे लिहिलेले असते.

तेल आणि पाणी मात्र एकमेकांत विरघळत नाहीत. एकाचे अतिसूक्ष्म थेंब दुसऱ्यात टिकून राहिले तर ते ‘इमल्शन’. थेंब पुन्हा एकत्र येऊ नयेत म्हणून तिथे तिसरा मध्यस्थ लागतो. मेयोनेजमध्ये ते काम अंड्याच्या पिवळ्या बलकातले लेसिथिन करते. ‘इमल्शन’चे मूळ दूध काढण्याच्या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे, आणि दूध हे खरोखरच इमल्शन आहे: पाण्यात विखुरलेले स्निग्धाचे थेंब, प्रत्येकाभोवती पातळ आवरण. दही घुसळताना आपण नेमके हे आवरण फोडतो. मग थेंब एकमेकांना चिकटतात, लोणी वर येते आणि ताक खाली राहते.

धातूंच्या मिश्रणाला ‘ॲलॉय’ म्हणतात. २२ कॅरेट सोने म्हणजे २४ भागांत २२ भाग सोने. उरलेले तांबे, चांदी यांसारखे धातू दागिन्याला घट्टपणा देतात. मिश्रणातला एक धातू पारा असेल तर ‘अमाल्गम’. दातांत भरायचे रुपेरी मिश्रण ते हेच. सर्वांत टोकाला आहे ‘कंपाउंड’. पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे वजनी प्रमाण नेहमी एकास आठ. दोघांचे मूळचे गुण तिथे उरत नाहीत, आणि त्यांना वेगळे करायला रासायनिक क्रियाच लागते.

शब्दांचे दुसरे घराणे थेट स्वयंपाकघरातून आणि गोठ्यातून आले आहे. ‘पोपुरी’चा शब्दशः अर्थ ‘कुजलेले भांडे’. एका स्पॅनिश रश्श्याच्या नावाचे ते फ्रेंच भाषांतर; आज तो शब्द सुगंधी वाळक्या पाकळ्यांसाठी किंवा निवडक सुरावटींच्या मालिकेसाठी वापरतात. ‘फरागो’ म्हणजे रोमन काळात गुरांचा मिश्र चारा. २०१७ मध्ये शशी थरूर यांच्या ट्विटमुळे भारतभर गाजलेला हा शब्द बहुतेकदा नापसंतीनेच उच्चारला जातो. या घराण्यासाठी तिसरा प्रश्न विचारावा लागतो: बोलणाऱ्याला हे मिश्रण आवडले आहे का?

याच घराण्यातला ‘हॉचपॉच’ म्हणजे ‘हॉचपॉट’ या जुन्या शब्दाचे बदललेले रूप; कायद्यात शिरला तो हा जुना शब्द. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘हलवायचे भांडे’. जुन्या इंग्लंडमध्ये एखाद्या मुलीला लग्नात वडिलांकडून जमीन मिळाली असेल आणि उरलेल्या जमिनीतही वाटा हवा असेल, तर मिळालेली जमीन आधी हिशेबात परत घालावी लागे. सगळे एकत्र करायचे, ते समान वाटण्यासाठी.

आपल्याकडे वाटपाच्या दाव्यांत हे शब्द आजही येतात. एकत्र हिंदू कुटुंबातल्या सहदायकाने, म्हणजे सामाईक मिळकतीत जन्मतः हक्क असलेल्या सदस्याने, स्वकष्टार्जित मिळकत कुटुंबाच्या सामाईक मिळकतीत मिसळली, तर तिला ‘ब्लेंडिंग’चे तत्त्व लागू होते. ती मग त्याची एकट्याची राहत नाही. पण त्यासाठी स्वतंत्र हक्क सोडण्याचा स्पष्ट हेतू दिसावा लागतो. भावाला स्वकष्टार्जित घरात राहू दिले किंवा अशा मिळकतीच्या उत्पन्नातून घरखर्चाला पैसे दिले, एवढ्यावर न्यायालये हक्क सुटला असे मानत नाहीत.

प्रयोगशाळेत मूळ पदार्थ परत मिळतो का हे पदार्थाच्या गुणधर्मांवर ठरते. न्यायालयात ते माणसाच्या हेतूवर ठरते. म्हणून वाटपाच्या कागदात ‘ब्लेंडिंग’ किंवा ‘हॉचपॉट’ दिसला, तर त्याचा अर्थ नुसता ‘एकत्र करणे’ असा समजून पुढे जाऊ नये. काय मिसळले, कोणत्या हेतूने मिसळले आणि ते परत मागता येते का, हे वकिलाला विचारून मगच सही करावी.