इनिश मोर: माणसांनी माती घडवलेलं बेट

आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवेच्या उपसागराच्या तोंडाशी तीन अ‍ॅरन बेटं आहेत. त्यातलं सगळ्यात मोठं इनिश मोर. इथे रोजच्या व्यवहारात आजही आयरिश बोलली जाते.

जमीन म्हणाल तर नुसता चुनखडीचा कातळ. लोकांनी वाळू आणि समुद्री शेवाळाचे थर टाकून टाकून त्यावर माती तयार केली, बटाटे पिकवले. वेचलेल्या दगडांचे गडगे रचले, तेही चुना-माती न लावता. गंमत म्हणजे कित्येक वावरांना फाटकच नाही! गुरं आत घ्यायची तर गडग्याचे दगड उतरवायचे, गुरं गेली की पुन्हा रचायचे.

बेटावरचा दून एंगसचा प्राचीन दगडी कोट तर थेट कड्याच्या टोकावर. समुद्राकडे भिंतच नाही, खाली सुमारे १०० मीटर सरळ तुटलेला कडा. जमिनीच्या बाजूला मात्र शत्रूला धावता येऊ नये म्हणून टोकदार दगड दाटीने रोवलेत.

या बेटावर चित्रित झालेला रॉबर्ट फ्लॅहर्टीचा चित्रपट ‘मॅन ऑफ अ‍ॅरन’ (१९३४) जरूर बघा, पण माहितीपट म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवू नका. त्यातली शार्कची शिकार बेटावर कधीच बंद पडली होती. चित्रीकरणासाठी ती लोकांना नव्याने शिकवावी लागली. पडद्यावरचं कुटुंबही जमवलेलंच!