आधी धुणं, मग पॉलिश

काळी किंवा गडद निळी गाडी वर्षभर वापरून झाली की उन्हात बोनेटकडे तिरपं पाहावं. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे दिसतात. मालकाचा संशय सोसायटीतल्या पोरांवर जातो, पण बहुतेक वेळा हे चरे रोजच्या पुसण्यातून आलेले असतात. सकाळी एकाच बादलीत, एकाच फडक्यानं ओळीनं गाड्या पुसल्या जातात आणि एका गाडीवरची धूळ पुढच्या गाडीच्या रंगावर घासली जाते. कार डिटेलिंगच्या प्रात्यक्षिक वर्गात नवख्यांचे पहिले काही तास म्हणूनच फक्त गाडी धुण्यात जातात, आणि ते योग्यच आहे.

बादल्या दोन लागतात. एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा दर फेरीनंतर आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मगच शाम्पूत बुडवायचा. टपापासून सुरुवात करून खाली यायचं, कारण सर्वांत जास्त चिखल-माती खालच्या भागात असते. चाकांचं सामान वेगळं ठेवायचं. गाडी सावलीत हवी. तापलेल्या पत्र्यावर बोअरचं जड पाणी क्षणात वाळतं आणि क्षारांचे पांढरे डाग मागे राहतात.

धुतलेली गाडी स्वच्छ वाटते, तेव्हा शिक्षक हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बोनेटवर बोटं फिरवायला सांगतात. लगेच खरखर जाणवते. ब्रेकची लोखंडी भुकटी आणि हवेतले कण रंगात रुतून बसलेले असतात. ते काढायला क्ले नावाचा मातीसारखा मऊ गोळा ओल्या पृष्ठभागावर अलगद फिरवतात. हा गोळा जमिनीवर पडला तर धुऊनही वापरायचा नाही, टाकून द्यायचा. त्याला चिकटलेला वाळूचा एक कण अख्ख्या दारावर ओरखडा उमटवू शकतो.

खरी शिकवण पुढे आहे. गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यातला क्लिअर कोट बहुधा ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. पॉलिश करताना चरा बुजत नाही. त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून सपाट केला जातो. म्हणजे प्रत्येक ‘रबिंग-पॉलिश’मध्ये गाडीचं थोडं कवच कायमचं जातं. जाडी मोजणारं यंत्र वर्गात हातोहात फिरतं ते यासाठी.

म्हणून सराव भंगारातून आणलेल्या बोनेटवर होतो. रोटरी मशीन एकाच अक्षावर गरगर फिरतं, उष्णता साठते आणि कडांवरचा रंग बघता बघता जळतो. नवख्याला आधी ड्युअल अ‍ॅक्शन मशीन देतात. त्यातलं पॅड फिरतं आणि हलतंही, त्यामुळे चूक सावरायला थोडा वेळ मिळतो. पॅडमागच्या चकतीवर मार्करनं काळी रेघ ओढलेली असते. हात जोरात दाबला की रेघ फिरायची थांबते. दाब किती हवा, हे ती रेघ लगेच दाखवते. पुस्तकातून किंवा व्हिडिओतून ते कळत नाही. दोन फुटांचा तुकडा, सावकाश आडवे-उभे हात, मग पुसून दिव्याखाली तपासणी. सौम्य पॉलिशनं भागत असेल तर कडक वापरायचं नाही.

सिरॅमिक कोटिंगचा भाग त्या मानानं छोटा असतो. जाहिरातींतलं ‘९एच’ हे पेन्सिलीच्या कठीणपणाच्या चाचणीतलं माप आहे. ते वाचून गाडीला चरे पडणारच नाहीत असं समजू नये. शिवाय कोटिंगखाली राहिलेले चरेही तसेच राहतात.

वर्गाची फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: एका मशीनवर किती जण असतील, सरावाला जुनं बोनेट मिळेल का आणि धुण्याला किती वेळ दिला आहे. जिथे पहिल्याच तासाला कोटिंगची बाटली उघडतात, तिथे पैसे घालवू नका.