दरमहा जाणारा पैसा कसा राखावा?

शेतकऱ्याच्या घरात पैसा वर्षातून एकदा-दोनदा येतो, पण जातो मात्र दर महिन्याला. सोयाबीन, मका, कापूस विकला म्हणजे एकदा हातात रक्कम दिसते. रबीची ज्वारी आणि हरभरा निघाला म्हणजे दुसऱ्यांदा. मधले महिने त्याच रकमेवर काढायचे असतात. पूर्वी दरमहा रोख द्यावे लागे ते चहा, साखर, रॉकेल ह्यांसाठी. आता वीज, गॅस, मोबाईलचा रिचार्ज, टीव्हीचे पैसे आणि फोनचा हप्ता हे सारे महिना भरताच दारात उभे राहते. ही देणी सुगीची वाट पाहत नाहीत. म्हणून जून महिन्यात, ऐन पेरणीच्या तोंडावर, बियाण्यासाठी उसनवारी करावी लागते. कर्ज बियाण्यामुळे झाले असे आपण म्हणतो. पण पुष्कळ घरांत ते आधीच्या सहा महिन्यांत थोडे थोडे गळून गेलेल्या पैशामुळे झालेले असते.

काटकसर म्हणजे कंजुषी नव्हे. मुलांच्या अभ्यासाचा दिवा मालवून किंवा आजाऱ्याचा पंखा बंद करून पैसे वाचवा, असे आम्ही मुळीच सांगत नाही. कामी न येता जाणारा पैसा ओळखावा आणि तेवढाच थांबवावा, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

युनिट म्हणजे काय?

वीजबिल समजून घ्यावयाचे तर प्रथम युनिट समजले पाहिजे. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. प्रत्येक उपकरणावर त्याचे वॅट लिहिलेले असतात. त्या आकड्याला रोजच्या तासांनी गुणावे आणि हजाराने भागावे, म्हणजे रोजचे युनिट निघतात. त्याला तीसने गुणले की महिन्याचे. पाचवीतल्या मुलाला जमेल असे हे गणित आहे. ते मुलाकडूनच करून घ्यावे.

आता एका साध्या घराचा हिशेब मांडून पाहू. ६० वॅटचे चार जुने बल्ब रोज पाच तास जळले तर महिन्याला ३६ युनिट होतात. ७५ वॅटचे तीन पंखे रोज बारा तास फिरले तर ८१ युनिट. आंघोळीचे पाणी तापवण्याचा १५०० वॅटचा रॉड रोज चाळीस मिनिटे लावला तर ३० युनिट. लहान फ्रिजचे साधारण ३० युनिट धरावे. टीव्ही चार तास लागला तर सुमारे १०. टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स रात्रंदिवस चालूच राहिला तर ७. इस्तरी, मिक्सर आणि किरकोळ मिळून ६. सगळी बेरीज होते बरोबर २००.

हाच दोनशेचा आकडा आपल्या कर्नाटकात फार महत्त्वाचा आहे.

दोनशेची मेर

धारवाडसह सात जिल्ह्यांना वीज पुरवणाऱ्या हेस्कॉम कंपनीचे मुख्य कार्यालय हुबळीस नवनगरात आहे. हेस्कॉमच्या बिलावर २०२३ सालापासून 'गृह ज्योती' योजनेची सवलत दिसू लागली. नाव नोंदवलेल्या घराला २०२२-२३ सालच्या मासिक सरासरीवर थोडी वाढ धरून तेवढे युनिट मोफत मिळतात, मात्र २०० युनिटांपर्यंतच. ह्या योजनेचे तीन भाग पुष्कळांच्या ध्यानात आलेले नाहीत.

पहिला, आपली मोफत मर्यादा २०० आहे असे सरसकट समजू नये. ज्याची सरासरी कमी होती त्याची मर्यादाही कमी आहे. प्रत्येकाने आपली मर्यादा बिलावर पाहून घ्यावी. दुसरा, त्या मर्यादेच्या वर पण दोनशेच्या आत वापर झाला, तर वरच्या युनिटांचेच पैसे द्यावे लागतात. तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा. महिन्याचा वापर दोनशेच्या वर गेला की त्या महिन्याची सवलत पूर्ण जाते आणि पहिल्या युनिटापासून सगळ्याचे बिल भरावे लागते. युनिटचा दर साधारण सहा रुपये आहे. त्यावर मंजूर भारानुसार स्थिर आकार आणि कर येतात. म्हणजे २०१ वे युनिट सहा रुपयांचे नसते. ते बाराशे रुपयांहून अधिकचे असते. शेताची मेर ओलांडून बैल एक पाऊल पुढे गेला, तर भांडण एका पावलाचे होत नाही, साऱ्या बांधाचे होते. तसेच हे आहे.

एप्रिल-मे महिन्यांत पंखे रात्रंदिवस फिरतात, पाहुणे येतात, आणि मेर ओलांडली जाते ती नेमकी तेव्हा. म्हणून उन्हाळ्यात विशेष जपावे.

आधी काय बदलावे, मागाहून काय?

वर मांडलेल्या घरात जुने बल्ब काढून ९ वॅटचे एलईडी दिवे लावले, तर ३६ युनिटांचे साडेपाच होतात. खर्च थोडा आणि बचत लगेच, म्हणून हे काम सर्वांत आधी. दुसरे काम तर फुकटाचे आहे. टीव्ही बंद करताना रिमोटवर न थांबता भिंतीवरचे बटण बंद करावे. सेट-टॉप बॉक्सचे पाच युनिट तेथे वाचतात. तिसरे काम पाण्याच्या रॉडचे. शेतात कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुऱ्हाट्या असताना विजेवर पाणी तापवण्याचे कारण नाही. अंगणातला बंब पुन्हा पेटवावा, म्हणजे आणखी ३० युनिट गेले. शिवाय उघड्या बादलीतला रॉड लहान मुलांच्या जिवाला धोका असतो. बटण बंद करून आणि प्लग काढूनच पाण्यात हात घालावा, हा नियम ज्यांच्या घरी रॉड आहे त्यांनी कधीही मोडू नये.

एवढ्या तीन गोष्टींनी २०० युनिटांचे १३५ च्या आत येतात. पंख्याला अजून हातही लावलेला नाही.

पंख्याविषयी नीट विचार करावा. बीएलडीसी जातीचे नवे पंखे सुमारे ३० वॅटवर चालतात. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात, म्हणजे सुमारे ९५ रुपये. साध्या पंख्याहून त्याला हजार-दीड हजार अधिक पडतात. जो पैसे भरून वीज घेतो, त्याचे हे अधिकचे पैसे वर्ष-सव्वा वर्षात फिटतात. पण ज्याचे बिल शून्य येते आणि मेरेपासून जो पुष्कळ अलीकडे आहे, त्याने चालता पंखा काढून नवा घेतला तर त्याचा एक रुपयाही वाचणार नाही. त्याने जुना बिघडेपर्यंत थांबावे. 'बचतीची वस्तू' म्हणून दुकानदार जे दाखवतो, ते आपल्या घरी बचत करील की नाही हे आपल्या बिलावरून ठरते, दुकानदाराच्या बोलण्यावरून नव्हे.

गॅस, चूल आणि छाती

पाण्याला उकळी आली की त्याची उष्णता पुढे वाढत नाही. आच कितीही मोठी केली तरी पाणी वाफ होऊन जाते एवढेच, डाळ लवकर शिजत नाही. म्हणून उकळी आल्यावर किंवा कुकरची पहिली शिटी झाल्यावर आच बारीक करावी आणि भांड्यावर झाकण ठेवावे. हरभरा, वाटाणा, राजमा रात्री भिजत घालावा. भिजवलेले कडधान्य फार कमी वेळात शिजते. एकाच कुकरमध्ये वरच्या डब्यात भात आणि खालच्या डब्यात डाळ लावावी. ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसू लागली आणि भांड्यांची बुडे काळी होऊ लागली, तर बर्नरची भोके साफ करावीत. नवे सिलेंडर जोडले त्या दिवसाची तारीख भिंतीवर खडूने लिहावी. दोन-तीन सिलेंडरांच्या तारखा पाहिल्या की आपल्या घरी गॅस किती दिवस पुरतो आणि तो कधी अधिक जातो हे आपोआप कळते. गॅसचा वास आला तर दिवा किंवा पंखा लावू नये, बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि १९०६ क्रमांकावर कळवावे.

गॅस वाचवण्यासाठी सगळा स्वयंपाक पुन्हा कोंदट खोलीतल्या चुलीवर नेणे ही मात्र खोटी बचत होय. तो धूर बायकांच्या आणि तान्ह्या मुलांच्या छातीत जातो, आणि मग वाचलेले पैसे औषधात जातात. भाकरीसाठी चूल हवी असेल तर ती धुराडे असलेली, उघड्या पडवीत असावी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली सुरू झालेल्या 'अस्त्र' केंद्राने 'अस्त्र ओले' नावाची सुधारलेली चूल तयार केली. ओले म्हणजे कन्नडमध्ये चूल. तिच्यात आच सर्व बाजूंनी बंदिस्त असते, एकाच आचेवर तीन भांडी बसतात आणि धूर धुराड्यावाटे बाहेर जातो. कमी सरपण आणि स्वच्छ हवा ही दोन्ही एकाच उपायाने साधतात, हे त्यात शिकण्यासारखे आहे.

मोबाईलचा तेरावा महिना

मोबाईलचा '२८ दिवसांचा' रिचार्ज ऐकायला महिन्यासारखा वाटतो. पण वर्षाच्या ३६५ दिवसांत असे तेरा रिचार्ज बसतात. आपण बारा महिन्यांचा हिशेब करतो आणि तेरा वेळा पैसे देतो. म्हणून दोन पॅकची तुलना करताना किमतीला दिवसांनी भागावे आणि एका दिवसाचा खर्च काढावा.

ज्या वडीलधाऱ्यांचा फोन केवळ बोलण्यापुरता आहे, त्यांना इंटरनेटचे पैसे भरण्याची गरज नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये नियम केला की कंपन्यांनी केवळ बोलणे आणि संदेश ह्यांचे वेगळे पॅक द्यावेत. त्याच वेळी अशा पॅकची मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवता येईल असेही ठरले. दुकानात गेल्यावर हे पॅक आपणहून कोणी दाखवत नाही. 'फक्त बोलण्याचा पॅक' असे स्पष्ट मागावे. सुगीचा पैसा हातात असताना लांब मुदतीचा पॅक घेतला तर आषाढ-श्रावणातली ओढाताण तेवढी कमी होते.

फोन मंद झाला किंवा लवकर उतरू लागला की नवा घेण्याची घाई होते. बहुधा केवळ बॅटरी जुनी झालेली असते, नाहीतर आलेली चित्रे आणि व्हिडिओ साठून जागा भरलेली असते. व्हॉट्सॲपमध्ये चित्रे आपोआप उतरण्याची सोय बंद करावी, अनावश्यक काढून टाकावे, बॅटरी बदलून पाहावी. नवा घेणे भागच असेल तर 'बिनव्याजी हप्ता' ह्या शब्दांनी भुलू नये. प्रक्रिया शुल्क किती, एक हप्ता चुकला तर दंड किती, आणि रोख घेतल्यास किंमत कमी होते का, हे तीन प्रश्न विचारावेत. बारा हजारांचा फोन सहा हप्त्यांत घेतला तर दरमहा दोन हजार जातात. जूनच्या एका हप्त्यात डीएपीचे एक पोते येते, हे घेण्याआधी आठवावे.

आणखी एक गळती मोठी असते. 'आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, ह्या नंबरवर फोन करा' असा संदेश आला तर तो लबाडीचा समजावा. त्या नंबरवर फोन करू नये, कोणी सांगितलेले ॲप घेऊ नये, ओटीपी कोणालाही सांगू नये. शंका असेल तर वीज कंपनीच्या १९१२ ह्या क्रमांकावर विचारावे. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता लगेच १९३० वर तक्रार करावी. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता अधिक.

मोटरीची वीज फुकट, मोटर फुकट नव्हे

कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. त्यामुळे पंपावर काही खर्चच नाही असे वाटते. पण जळालेली मोटर पुन्हा भरून घेण्याचे पैसे आपल्यालाच मोजावे लागतात. तीनपैकी एक फेज गेली असता चालत राहिलेली मोटर जळते, म्हणून सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवावा. विहिरीचे पाणी खाली गेल्यावर कोरडी मोटर चालू देऊ नये. ऑटो स्टार्टरमुळे वीज येताच साऱ्या शिवारातल्या मोटरी एकदम सुरू होतात, दाब पडतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. मग ऐन गरजेच्या वेळी सगळ्यांचेच पाणी थांबते. शेजाऱ्यांनी पाळ्या ठरवून घ्याव्यात. योग्य मापाचा कपॅसिटर लावल्यास तारेतला प्रवाह कमी होतो आणि दाब थोडा सुधारतो.

प्रवासाचाही हिशेब ठेवावा. जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेखाली राज्यातील स्त्रियांना राज्यातल्या साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास करता येतो. बँकेचे, रेशनचे, बाजाराचे काम घरातल्या बाईला बसने करता येत असेल, तर त्यासाठी मोटारसायकलला पेट्रोल घालू नये.

एक वही, एक पेन्सिल

हे सारे लक्षात राहील कसे? त्याला एकच उपाय आहे. मीटरजवळ दोऱ्याने एक वही टांगावी. दर रविवारी मिस्साहून घरी आल्यावर मुलाने मीटरचा आकडा वाचून तारखेसह लिहावा. मागच्या रविवारचा आकडा त्यातून वजा केला की आठवड्याचे युनिट कळतात. आठवड्याला ४५ च्या आत राहिलात तर महिन्याला दोनशेची मेर ओलांडली जाणार नाही. एखाद्या आठवड्यात आकडा ५० झाला, तर पुढचे तीन आठवडे हाताशी असतात. बिल हाती आल्यावर कळून काही उपयोग नसतो. त्याच वहीच्या मागच्या पानावर सिलेंडरची तारीख, रिचार्जची तारीख आणि हप्ता लिहावा.

ह्यातून दरमहा तीनशे-चारशे रुपये वाचले, तर ते घरात मोकळे ठेवू नयेत. ते पुन्हा गळतील. बायकांच्या संघात किंवा पोस्टात 'बियाण्याचे पैसे' म्हणून वेगळे ठेवावेत. दरमहा चारशे म्हणजे नोव्हेंबरपासून मेअखेर अठ्ठावीसशे रुपये होतात. एवढ्याने सगळी पेरणी होणार नाही, हे खरे. पण जूनमध्ये दुसऱ्याच्या दारात उभे राहून मागायची रक्कम तेवढी कमी होईल, आणि तिच्यावरचे व्याजही.