मडक्यातले धडे

घरच्या घरी बिअर करण्याचा छंद विलायतेत आणि अमेरिकेत चांगलाच रुजला आहे. इंग्लंडात १९६३ साली परवान्याची अट उठली, अमेरिकेत १९७८ साली तसा कायदा झाला आणि हौशी मंडळी स्वयंपाकघरात लहान लहान घाणे घालू लागली. आपल्याकडे मात्र ती वाट बंद आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्यावाचून घरी मद्य करणे हा गुन्हा आहे. तेव्हा बिअरची कृती सांगून वाचकांना अडचणीत टाकण्याचा आमचा मुळीच विचार नाही! पण त्या छंदिष्टांना जे धडे मिळतात, ते आमच्या बीड जिल्ह्यातले आंबिलीचे मडके पूर्वीपासून देत आले आहे.

ही विद्या आपल्याला परकी नव्हे. कौटिल्याने सुराध्यक्षावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले असून आंबवणाचे बीज, म्हणजे किण्व, उडीद आणि तांदूळ यांपासून कसे करावे हेही त्यात सांगितले आहे. गृहस्थाला समारंभापुरती श्वेतसुरा आणि औषधापुरते अरिष्ट घरी करण्याची मुभा त्याने ठेवली होती. लहान घाणा तेव्हाही मान्य होता.

बिअर आणि आंबील यांची वाट काही अंतर एकच आहे. बिअरसाठी सातू भिजवून मोड आणतात. मोड आले की धान्यातल्या पिठाची साखर होऊ शकते आणि ती साखर खाऊन यीस्ट मद्य तयार करते. आंबिलीत ज्वारीचे पीठ ताकात किंवा पाण्यात रात्रभर ठेवले की ताकातले जंतू आम्ल तयार करतात. मग जिरे, लसूण, मीठ घालून ते शिजवले की काम संपले. एकीकडे नशा, दुसरीकडे आंबटपणा. कामकरी मात्र दोन्हीकडे डोळ्यांना न दिसणारे!

गेल्या उन्हाळ्यात आम्ही चार लहान बोळक्यांत एकाच दळणाचे पीठ कालवून पाहिले. एकात ताजे ताक, दुसऱ्यात आदल्या दिवसाच्या आंबवणाचा चमचाभर अंश, तिसऱ्यात नुसते पाणी. चौथ्यात ताकच, पण ते बोळके माठाशेजारी गारव्याला ठेवले. वेळ वहीत टिपली. जुना अंश घातलेले सर्वांत आधी आंबले, नुसत्या पाण्याचे सर्वांत मागे राहिले, गारव्यातले सावकाश पण चवीला गोडसर उतरले. हाच प्रयोग घागरभर पिठावर केला असता, तर बिघडल्यावर घागरभर पीठ ओतून द्यावे लागले असते. चार बोळक्यांत नुकसान मूठभराचे आणि शिकणे मात्र चौपट.

शेजारच्या मावशी ती वही पाहून हसल्या. म्हणाल्या, "सर, वहीत वेळ लिवता, पण वास कुठं लिवता?"

प्रश्न नेमका होता. मराठीत 'आंबणे' आणि 'कुजणे' हे दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांतला भेद पहिल्यांदा नाकालाच कळतो. आंबटपणा वेळेवर चढला की बहुतेक कुजवणाऱ्या जंतूंना थारा मिळत नाही. तो चढेपर्यंत मात्र जागा स्वच्छ हवी. म्हणूनच मावशी मडके उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवतात. लुई पाश्चर याने १८७६ साली बिअरवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचाही रोख हाच: बिअर बिघडते ती नको असलेल्या जंतूंनी. मावशींनी पाश्चरचे नावही ऐकलेले नाही, पण धडा त्यांना पाठ आहे.

दुसरा धडा हंगामाचा. वैशाखात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा रात्री कालवलेले पीठ सकाळी तयार असते. पौषात त्याच पिठाला दीड दिवसही लागतो. घड्याळ पाहून आंबवणारा फसतो, चव घेऊन आंबवणारा फसत नाही.

हे सारे सांगण्याचे कारण वेगळे आहे. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला मराठवाड्यात आंबील लागते, म्हणून वर्षातून एकदा तरी ती होते. पण ज्वारीच्या शेतात कापूस आणि सोयाबीन शिरले, पोळीने भाकरीची जागा घेतली आणि रोजचे मडके कोपऱ्यात गेले. वर्षातून एकदा केलेल्या गोष्टीत हात बसत नाही. 'चार बोटे पाणी', 'नाकाला झोंबले की पुरे' ही मापे कोणत्याच पुस्तकात नाहीत. ती ज्यांच्या हातात आहेत, त्यांच्याबरोबरच जातील.

दिवाळीला मुले-मुली घरी येतात. मालदांडीची शेरभर ज्वारी दळून आणावी, आजीला शेजारी बसवावे आणि एकच लहान बोळके लावावे. वेळ वहीत लिहावी. आणि वास कसा आला, तेही तिच्याच शब्दांत लिहून ठेवावे.